नीरेवरची मोजणी

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडीचे नियम कधी कागदावर लिहिले गेले नाहीत. ते चालता चालता पडले आणि चालता चालताच पुढच्या पिढीला मिळाले. त्यातलाच एक नियम म्हणजे नीरेवरची मोजणी. माउलींच्या पादुकांना नीरास्नान झालं की आपली दिंडी पुढं निघण्याआधी थांबते आणि म्हाताऱ्यांपासून लेकरांपर्यंत एकेक माणूस मोजला जातो. नव्या वारकऱ्यांना वाटतं, ही पहिल्यापासूनची रीत. तसं नाही. ती आमच्या आजोबांमुळं पडली.

आजोबांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा दिंडीचे वीणेकरी होते. घरात चार लेकरं, चार सुना-जावई आणि आम्ही नातवंडांची फौज. संध्याकाळी शेतातून आले की आधी आम्हाला हाक, मग हातपाय धुणं. पण भिंतीच्या आत त्यांचा जीव रमत नसे. उन्हाळाभर खळ्यावर झोपायचे. वारीतही राहुटीत जागा असली तरी पथारी बाहेर, बाभळीखाली. पावशा ओरडला की म्हणायचे, "ऐका, पेरते व्हा म्हणतोय." सुगरणीचा खोपा, जांभळीचं झाड, विहिरीचं गोडं पाणी, वाटेवरचं सगळं त्यांच्या ओळखीचं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं की तिथल्या चार पिकल्या लिंबोळ्या ते पडशीत टाकायचे आणि घरी आल्यावर बांधावर लावायचे.

आता थोडं शिस्तीविषयी. त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. पुढं 1832 च्या सुमारास आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते, म्हणून सोहळ्यात लष्करासारखी शिस्त आली. कोणती दिंडी रथापुढं, कोणती रथामागं, हे ठरलेलं. दिंडीत वीणा सगळ्यात मानाची. ती जमिनीवर टेकवायची नाही, आणि वीणेकऱ्यानं आपली जागा सोडायची नाही.

1972 चा दुष्काळ सरल्यानंतर दुसऱ्या वर्षी आबांनी आम्हा चार नातवंडांना पहिल्यांदा वारीला नेलं. वाल्ह्याहून निघून नीरेला पोचलो. स्नानाला घाटावर ही गर्दी! पुढं पूल ओलांडून आपण पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात आलो, अभंग रंगात आले, आणि लोणंद जवळ आल्यावर आजीच्या ध्यानात आलं, की आमच्यातलं सगळ्यात धाकटं दिसत नाही. वय वर्षं सहा.

आजीनं टाहो फोडला. आबांनी अभंग पुरा होऊ दिला. मग शेजारच्या टाळकऱ्याच्या गळ्यात वीणा घातली आणि एक शब्द न बोलता उलटे फिरले. सगळी वारी पुढं चाललेली आणि हा एक माणूस त्या लोंढ्याला चिरत मागं, नदीकडं. दोन-अडीच कोस.

इकडं लोणंदच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमल्या. चोपदारांनी चोप उंच केला. हजारो टाळ एकदम थांबले. आपल्या दिंडीचे मात्र वाजतच राहिले. ज्या दिंडीची काही तक्रार असते तिनं टाळ थांबवायचे नसतात, ही रीत वारकऱ्यांना ठाऊक आहे. चोपदार आले, ऐकून घेतलं आणि पोर हरवल्याचं सगळ्या तळाला सांगितलं. एरवी तिथं हरवलेल्या पिशव्या अन् चष्मे पुकारले जातात. त्या दिवशी एक नातू पुकारला गेला. मागच्या एका दिंडीतल्या तुळशीवाल्या बाईनं त्याला खांद्यावर घेऊन आणला. पोराच्या हातात अर्धी भाकरी होती.

एक जण सायकलवर मागं धाडला. आबा रात्री उशिरा परतले. नदीकाठ पालथा घातला होता, पायात काटे. पोराला रागावले नाहीत. नुसते त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

सकाळी दिंडीत बोलाचाली झाली. एक जुने वारकरी म्हणाले, "आबा, गळ्यात वीणा असताना मागं फिरायचं नसतं. प्रपंचाचा एवढा मोह बरा नाही." आबा म्हणाले, "तुमचं खरं हाय. पण आपण माउली माउली म्हणत चालतो. लेकरू मागं राहिल्यावर माउली पुढं गेली असती का?" कुणी काही बोललं नाही. ज्या पुंडलिकानं आई-बापाच्या सेवेसाठी देवाला विटेवर तिष्ठत ठेवलं, त्याच्याच गावाला सगळे निघालेले.

तरीही नियम मोडला तो मोडलाच, असं आबांनी मानलं. त्या वर्षी पंढरपूरपर्यंत त्यांनी वीणा परत घेतली नाही. शेवटच्या ओळीत, नातवाचं बोट धरून चालले. ती शिक्षा त्यांना कुणी दिली नव्हती. वाखरीला त्या जुन्या वारकऱ्यांनीच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, आबांनी त्यांच्या. आणि तिथंच ठरलं, की पुढच्या वर्षापासून नीरेवर डोकी मोजल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

आबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पालखी मार्ग रुंद झाला, आबांनी नावानिशी दाखवलेली वाटेवरची कितीतरी झाडं गेली. आमच्या बांधावरचे लिंब मात्र उभे आहेत. वारीला निघायच्या आदल्या दिवशी दिंडीचं साहित्य ट्रकमध्ये भरतात, ते त्यांच्याच सावलीत.

तेव्हा हरवलेलं ते पोर आता आजोबा झालंय. नीरेवरची मोजणी तोच करतो. लेकरांना मोजताना बोट दाखवत नाही, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतो. पुढच्या शंभर वर्षांत दिंडीत काय बदलायचं ते बदलेल. ही मोजणी तेवढी राहू द्या, एवढीच आम्हा नातवंडांची विनंती.

राम कृष्ण हरी.