रंधा-पटाशीने घडणारे अठरावे शतक

महोगनीची खुर्ची, तिचे नागमोडी पाय आणि पायाच्या टोकाशी चेंडू घट्ट धरून बसलेला पक्ष्याचा पंजा. अठराव्या शतकात इंग्लंड आणि अमेरिकेत बहरलेल्या अशा लाकूडकामाला आज ‘पीरियड फर्निचर’, म्हणजे विशिष्ट कालखंडाच्या शैलीतील फर्निचर, असे म्हणतात. एरवी वस्तुसंग्रहालयात किंवा लिलावगृहात पाहावयास मिळणारे हे प्रकार अनेक हौशी कारागीर विजेची यंत्रे दूर ठेवून, केवळ हातहत्यारांनी घरच्या घरी घडवतात. अमेरिकेत अशा कारागिरांसाठी १९९९ मध्ये ‘सोसायटी ऑफ अमेरिकन पीरियड फर्निचर मेकर्स’ ही संस्था स्थापन झाली.

नमुनाग्रंथ आणि त्यांतील उणीव

या शैलींना नावे मिळाली ती राजे-राण्यांवरून आणि कारागिरांवरून. नागमोडी पायांची ‘क्वीन अ‍ॅन’ शैली आधीची. त्यानंतर लंडनच्या थॉमस चिपेंडेल यांनी १७५४ मध्ये ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हा नमुनाग्रंथ काढला आणि त्यांचे नावच एका शैलीला चिकटले. जॉर्ज हेपलव्हाइट यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केला. थॉमस शेरेटन यांचा ग्रंथ १७९१ पासून भागाभागाने निघाला.

मात्र चिपेंडेल यांच्या ग्रंथात वस्तू कशी दिसावी हे आहे. आतील सांधे कसे करावेत हे जवळजवळ नाहीच. ते ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे जात असे. म्हणूनच आजच्या अभ्यासकाला जुन्या वस्तूंचे खण उपसून, त्या उलट्या करून पाहाव्या लागतात. फ्रान्सच्या आंद्रे-जाकोब रूबो यांनी मात्र १७६९ ते १७७४ या काळात सुतारकामाचा विस्तृत ग्रंथ लिहिला. त्यात दाखविलेला भक्कम कामाचा बाक आजही घराघरांत बांधला जातो.

यंत्राविना का?

हौस हे एक कारण झाले. पण कामाचे स्वरूप हे त्याहून मोठे कारण आहे. जुन्या कपाटाच्या मागील फळीवर किंवा खणाच्या तळाशी बोटे फिरवली तर उथळ लाटा जाणवतात. गोलसर धारेच्या रंध्याने भराभर तासल्याची ती खूण असते. कारागीर दर्शनी भाग तुळतुळीत करी आणि न दिसणारा भाग कामापुरता सारखा करून सोडी. यंत्राने सर्व बाजू एकसारख्या केल्या की हा पोत नाहीसा होतो.

शहरी घरातही हातहत्यारे सोयीची ठरतात. आवाज कमी, जागा थोडी आणि बारीक धुळीऐवजी बहुतांशी ढलप्या. लाकडाची धूळ हा कर्करोगकारक घटक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे. त्यामुळे हा मुद्दा केवळ साफसफाईचा राहत नाही.

सांध्यांचे शास्त्र

लाकूड कापल्यानंतरही हवेतील ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. हा बदल लांबीत नगण्य, पण रुंदीत लक्षणीय असतो. जुने सांधे या हालचालीचा विचार करूनच रचलेले आहेत. टेबलाची रुंद फळी चौकटीला पक्की चिकटवली तर ती कोरड्या ऋतूत तडकते. म्हणून ती खाचेत सरकणाऱ्या छोट्या लाकडी गुटक्यांनी धरतात.

चौकटीसाठी कूस आणि सालीचा सांधा वापरतात. त्यात मेख मारण्याची एक युक्ती आहे. कुशीतील छिद्र सालीच्या छिद्राशी तंतोतंत न जुळवता खांद्याच्या बाजूला सुमारे दीड मिलिमीटर सरकवतात. मेख आत शिरताना कूस आपोआप ओढली जाते आणि सांधा सरसाशिवायही आवळला जातो. खणासाठी कबुतराच्या शेपटीसारखा पसरट ‘डव्हटेल’ सांधा असतो. शेपट्या खणाच्या बाजूच्या फळ्यांवर कापतात, त्यामुळे कितीही ओढले तरी दर्शनी फळी निखळत नाही.

नागमोडी पाय कोरण्याची रीतही सुटसुटीत आहे. चौकोनी ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजूंवर एकच आकृती आखतात. एका बाजूने करवतीने कापलेले तुकडे टाकून न देता चिकटपट्टीने जागच्या जागी बसवतात, कारण दुसऱ्या बाजूची आखणी त्यांच्यावरच असते. दुसरी कापणी झाली की पाय मोकळा होतो. मग कानस आणि पटाशीने त्याला गोलाई देतात.

लाकूड, सरस आणि लाख

महोगनी आता सहजी वापरण्याजोगी राहिलेली नाही. मोठ्या पानांच्या अमेरिकी महोगनीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००३ पासून ‘साइट्स’ करारानुसार नियंत्रित आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कोरीव काळ्या लाकडाचे फर्निचर ज्या शिसवीतून घडले, तिच्यावरही २०१७ पासून तेच नियंत्रण आले. म्हणून अक्रोड, चेरी किंवा जुन्या मोडीतले लाकूड हे पर्याय उरतात.

प्राणिज सरस गरम करून लावतात. उष्णता आणि ओलावा दिल्यास तो पुन्हा सुटतो, त्यामुळे शंभर वर्षांनीही वस्तू दुरुस्त करता येते. चकाकीसाठी मेण, जवसाचे तेल किंवा भारतातून जगभर जाणारी चपडा लाख वापरतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

प्रतिकृती की फसवणूक?

अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे अठराव्या शतकात घडलेले एक लेखनमेज-कपाट १९८९ मध्ये लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरना विकले गेले. एवढी किंमत पाहता हुबेहूब प्रतिकृती जुनी म्हणून खपविण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. आज केलेले काम उद्या कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. म्हणून वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर आपले नाव आणि वर्ष कोरून ठेवणे हा सचोटीचा मार्ग होय.

सुरुवात कोठून?

एक भक्कम बाक, दोन करवती, मध्यम आणि सफाईचा असे दोन रंधे, तीन-चार पटाश्या, मोगरी, गुण्या आणि धारेचा दगड एवढ्यावर आरंभ करता येतो. पाते सुमारे २५ अंशांत घासून टोकाला ३० अंशांची धार देण्याची सवय आधी लावून घ्यावी. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो आणि तेच हातावर घसरते. पहिली वस्तू खुर्ची नसावी. सहा फळ्यांची पेटी करावी, नंतर खण असलेले छोटे टेबल. त्या खणाचे सांधे फटीविना बसू लागले, की पंजाच्या पायाकडे वळावे.