साताऱ्याची ‘कमवा आणि शिका’ आणि आपल्या लेकी

 

आपल्या गटाच्या कर्ज रजिस्टरमध्ये ‘कर्जाचं कारण’ असा एक रकाना असतो. पूर्वी त्यात बी-बियाणं, शेळी, दवाखाना, घराचे पत्रे असं लिहिलेलं असायचं. आता त्याच रकान्यात ‘मुलीचं कॉलेज’ असंही लिहिलेलं दिसतं. गटांची समन्वयक म्हणून माझ्या हाताखालून ही रजिस्टरं जातात, आणि हा शब्द वाचला की बरं वाटतं.

पण त्याच घरात वर्ष-दोन वर्षांनी एक प्रश्न निघतो. “नुसती बीए करून काय होणार? हाताला काही काम येतंय का?” एसटीचा पास, फी, पुस्तकं, मोबाईलचं रिचार्ज यांचा हिशेब मांडला जातो, आणि दुसऱ्या वर्षाला मुलगी घरी बसते. मग पाहुणे यायला लागतात. मुलाच्या बाबतीत असं झालं तर तो निदान कुठे कामाला तरी लागतो. मुलीची वाट मात्र तिथेच बंद होते.

हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण लगेच मागासलेला म्हणतो. पण प्रश्न खोटा नाही. शिकताना हाताला काम यायला हवं, आणि शिक्षणाचा खर्च घर मोडून होता कामा नये. आपल्याच मातीतल्या माणसांनी या दोन्ही गोष्टींचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी शोधायला घेतलं होतं. आज त्याचा इतिहास सांगते.

सुरुवात महात्मा जोतीराव फुल्यांपासून करावी लागेल. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्याच्यापुढे आपलं निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या करातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षण मात्र वरच्या थोड्या लोकांना मिळतं, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. गावच्या शाळेत लिहिणं-वाचणं आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञानही द्यावं, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे पुस्तक आणि कामाची सांगड घालावी, हा विचार तेव्हाच मांडला गेला होता.

तो विचार कॉलेजपर्यंत नेला कर्मवीर भाऊराव पाटलांनी. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घर शेतकरी जैन समाजाचं. कोल्हापुरात शिकत असताना त्यांच्यावर राजर्षी शाहू महाराजांच्या कामाचा प्रभाव पडला. त्यांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झालं नाही. पोटासाठी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकायचं काम केलं. त्या निमित्ताने गावोगाव फिरताना त्यांना दिसलं, की हुशार पोरं ढोरांमागे फिरताहेत, कारण शाळा लांब आहे आणि शहरात राहायची-जेवायची सोय नाही.

४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या दिवशी, कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नाव दिलं गेलं. तिथे सगळ्या जाती-धर्मांची मुलं एका छपराखाली राहायची आणि एका पंगतीत जेवायची. तो काळ अस्पृश्यता पाळण्याचा होता. पाण्याला हात लावला म्हणून मारहाण व्हायची, त्या काळातली ही पंगत आहे, हे ध्यानात घ्या.

आता या बोर्डिंगचा खर्च चालायचा कसा? एक वाट होती मुलांच्या स्वतःच्या श्रमाची. मुलं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची, झाडलोट करायची, खोदकाम-बांधकामात घाम गाळायची. दुसरी वाट होती मुष्टिफंडाची. घराघरातल्या बाया रोजच्या धान्यातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या आणि ते बोर्डिंगला जायचं. मैत्रिणींनो, आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची बचत करतो, ती याच मुठीची नात आहे. एकटी मूठ कुणाचं पोट भरत नाही, पण गावच्या मुठी एकत्र आल्या तर पोरं शिकतात.

आणि तिसरा आधार होता लक्ष्मीबाईंचा. लक्ष्मीबाई म्हणजे भाऊरावांच्या पत्नी. त्या सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. पण बोर्डिंगमध्ये आल्यावर प्रत्येक पोर त्यांचं झालं. त्यांनी त्यांना न्हाऊ-माखू घातलं, जेवू घातलं, आजारपणात उशाशी बसल्या. पैसा संपत गेला तसतसे त्यांच्या अंगावरचे दागिने गेले. भाऊराव बाहेरगावी असताना एकदा घरात मुलांना घालायला धान्य उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, ही हकिगत साताऱ्याकडे आजही सांगतात. १९३० साली त्या गेल्या. त्यांना ‘रयतमाउली’ म्हणतात. सोलापुरातल्या एका महिला महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे.

आपण कर्मवीरांची जयंती साजरी करतो तेव्हा लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र एका वाक्यात सांगून पुढे जातो. थोडं थांबून विचार केला पाहिजे. मुलं कामाला तयार होती, भाऊराव गावोगाव फिरायला तयार होते. तरीही रोजचं ताट वेळेवर पुढे ठेवणारं, ताप आला तर बघणारं माणूस नसतं, तर ती मुलं महिन्याभरात गावी परतली असती. शिकणाऱ्याच्या मागे असं कुणीतरी लागतंच.

पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत शिक्षणाचं, वसतिगृह असलेलं हायस्कूल निघालं. आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीत. ज्याच्या घरी फी भरायची ऐपत नाही त्याने लाजायचं नाही आणि कुणापुढे हात पसरायचा नाही. दिवसातले काही तास काम करायचं आणि त्या कामाच्या मोबदल्यात शिकायचं. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झालं. ज्या माणसाने आयुष्यभर हातात झाडू धरला, त्याचं नाव कॉलेजला दिलं गेलं. श्रमाला मान द्यायचा म्हणजे काय, ते या नावातून कळतं.

या वाटेने गेलेली माणसं कुठवर पोचली? शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शेतकरी-कामकऱ्यांचे नेते एन. डी. पाटील यांनी १९५० च्या दशकात शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेचं काम सांभाळलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळात ही योजना रुजली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावाने चालते. कॉलेजच्या वाचनालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात, बागेत रोज दोन-तीन तास काम करून मुलं-मुली तासाच्या हिशेबाने मानधन घेतात.

आता तुम्ही विचाराल, या गोष्टीत मुली कुठे आहेत? प्रश्न बरोबर आहे. सुरुवातीच्या बोर्डिंगमध्ये पंगतीला बसलेले मुलगे होते आणि मूठभर धान्य देणाऱ्या, भाकरी भाजणाऱ्या बाया होत्या. बाईच्या जिवावर शिक्षण उभं राहिलं, पण तिच्या लेकीला त्याच वाटेवर यायला बराच वेळ लागला. मुलगी काम करते ते घरचं, त्याला मोल नाही. आणि बाहेर काम करून शिकते म्हटलं तर लोक काय म्हणतील, अशी ही अडचण.

तरी ती अडचण ओलांडणाऱ्या बाया आपल्याकडे होत्या. पार्वतीबाई आठवले हे नाव त्यासाठी लक्षात ठेवा. त्या कोकणातल्या, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. तरुणपणी विधवा झाल्या आणि हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमात येऊन कामाला लागल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या खूप फिरल्या. इंग्रजी आलं पाहिजे म्हणून पन्नाशीला टेकलेल्या या बाईंनी १९१८ साली अमेरिका गाठली. तिथे पैसे कमी पडले तेव्हा लोकांच्या घरी धुणं-भांडी, साफसफाईची कामं केली, आणि काम करता करता भाषा शिकल्या. साताऱ्याचं बोर्डिंग तेव्हा निघायचं होतं. बाईनेही कमवून शिकावं, हे पार्वतीबाईंनी कुठल्या योजनेशिवाय करून दाखवलं.

हा सगळा इतिहास सांगायचं कारण आताचं आहे. नवीन शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातल्या पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाला जागा मिळाली आहे. तुमची मुलगी कॉलेजात असेल तर तिच्या तोंडून ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘ओजेटी’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, एखाद्या ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष काम शिकणं. याला आता मार्कांसारखे क्रेडिट असतात. चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तासांचं काम. बीए, बीकॉम, बीएस्सी, सगळ्यांना ते आहे. पूर्वी हे भाग्य डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांचं होतं.

पण कागदावरची गोष्ट आणि गावातली गोष्ट यात अंतर असतं. काही ठिकाणी मुलीला दिवसभर झेरॉक्स काढायला बसवतात. काही ठिकाणी ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणला की १२० तास झाले. आणि काही घरांत, “तालुक्याला रोज कोण पाठवणार,” म्हणून मुलगी त्यातल्या त्यात जवळचं, काहीच न शिकवणारं ठिकाण धरते. अशा वेळी साताऱ्याच्या बोर्डिंगची फूटपट्टी लावून बघा. तिथल्या कामातून मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहत होता आणि काम अंगी लागत होतं. आपल्या मुलीच्या कामातून यातलं एकही होत नसेल, तर ते नुसतं राबवून घेणं आहे.

मग आपण काय करू शकतो? पहिलं म्हणजे, एकदा कॉलेजात जा. आपण कमी शिकलो म्हणून बिचकू नका. चार-पाच जणी मिळून गेलात तर आणखी बरं. ‘कमवा आणि शिका’ योजना इथे आहे का, तिचे अर्ज कधी भरतात, मुलींना त्यात कोणतं काम मिळतं, ते विचारा. ओजेटी कुठे असते, कोण शिकवतं, किती वाजता सुटते, मुलगी घरी कशी येणार, तेही विचारा. हे विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. लक्ष्मीबाई ज्या मायेने मुलांचं ताट बघत होत्या, त्याच मायेचं हे काम आहे.

दुसरं, आपल्याकडेच कामाची जागा आहे, हे विसरू नका. आपल्या ग्रामसंघाचे हिशेब आहेत, मसाला आणि पापडाचे उद्योग आहेत, दूध संकलन केंद्र आहे. बीकॉमच्या मुलीला खतावणी आणि नफा-तोटा शिकायला आपलं रजिस्टर काय वाईट? बीएची मुलगी आपल्या गटाची माहिती नीट लिहून काढील, बीएस्सीची मुलगी मसाल्याची टिकवण आणि स्वच्छता बघेल. कॉलेजची आधी लेखी परवानगी घ्यायची, कोण शिकवणार ते ठरवायचं, तासांची नोंद ठेवायची. मुलीला गावातच सुरक्षित काम मिळेल आणि आपल्या धंद्याला शिकलेला हात मिळेल.

तिसरं, मुठीची आठवण ठेवा. मुलीच्या एसटी पासचे किंवा परीक्षा फीचे हजार रुपये वेळेवर मिळाले नाहीत, एवढ्यावरून तिचं वर्ष वाया जाऊ नये. गटात यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवता येते का, याचा ठराव घेऊन बघा. व्याज कमी, परतफेड सोपी, आणि अट एकच, मुलीने वर्ष पूर्ण करायचं.

भाऊराव ९ मे १९५९ ला गेले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं होतं. ज्या संस्थेचा संसार मूठभर धान्यावर चालला, तिच्या शाळा-कॉलेजांत आज लाखो मुलं शिकतात, आणि त्यात मुलीही आहेत. या मुलींपर्यंत ही वाट उशिरा पोचली. आता ती अर्ध्यात सुटू नये, एवढं पाहणं आपल्या हातात आहे.

येत्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली, की दहा मिनिटं जास्त बसा. आपल्या गटातल्या कुणाकुणाच्या मुली कॉलेजात आहेत, कितव्या वर्षाला आहेत, कुणाची ओजेटी कधी आहे, याची एक यादी करा. यादी झाली की पुढचं आपोआप सुचतं.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.