तपाचरण आणि रक्तशर्करा : उपवासाच्या इतिहासाचा एक मागोवा

भारतवर्ष ही त्याग आणि तपाची भूमी होय. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग हे पहिले चारही आहाराशी निगडित आहेत. न खाणे, भुकेपेक्षा कमी खाणे, आहाराच्या प्राप्तीवर स्वतःच बंधन घालणे आणि रुचकर रस सोडणे असा हा क्रम आहे. या तपाचे मुद्दल कर्मनिर्जरा हे आहे. देहाचे आरोग्य हे त्यावर मिळणारे व्याज होय. तथापि मधुमेहाने घरोघरी ठाण मांडलेल्या आजच्या काळात हे व्याज कसे मिळते आणि कोणत्या चुकीने मुद्दलासह देहही धोक्यात येतो, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

वाशीम जिल्ह्याला या परंपरेचा मोठा वारसा लाभला आहे. शिरपूरचे श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ हे सर्वदूर विख्यात तीर्थ. कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची भट्टारकपीठे नांदली व त्यांच्या मंदिरांनी हस्तलिखित ग्रंथांचे भांडार जतन केले. श्रावकाचारावरील ‘सावयधम्मदोहा’ हा अपभ्रंश ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केला आणि 1932 साली तो कारंजा ग्रंथमालेतून प्रकाशात आला. 1918 साली कारंजा येथे स्थापन झालेल्या श्री महावीर ब्रह्मचर्याश्रमाने गुरुकुल पद्धतीचे शिक्षण पुन्हा रुजविले. सूर्यास्तापूर्वी भोजन हा अशा गुरुकुलांचा दंडकच होय.

श्रावकाच्या व्रतांतील कालगणना पाहण्यासारखी आहे. रत्नकरंडक श्रावकाचारात प्रोषधोपवास हे शिक्षाव्रत आणि रात्रिभुक्तित्याग ही सहावी प्रतिमा म्हणून येते. उत्कृष्ट प्रोषधोपवास सोळा प्रहरांचा, म्हणजे सप्तमीच्या मध्याह्नीच्या एकाशनापासून नवमीच्या मध्याह्नापर्यंत 48 तासांचा असतो. श्वेतांबर परंपरेत नवकारशी, पोरिसी, बियासन, एकासन, आयंबिल, उपवास, अठ्ठाई, वर्षीतप अशी चढती श्रेणी आहे. सूर्यास्ताला चौविहार आणि सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारशी, एवढेच पाळले तरी वऱ्हाडात हिवाळ्यात जवळजवळ 14 तास आणि उन्हाळ्यात सुमारे साडेअकरा तास पोटाला विश्रांती मिळते.

वैद्यकाच्या इतिहासातही आहारसंयम आणि मधुमेह यांचा संबंध जुना आहे. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचे सुख, निद्रेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले. गादीवर बसून व्यवसाय करणाऱ्या वर्गाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. सुश्रुताचार्यांनी जन्मजात आणि अपथ्यजन्य असे प्रमेहाचे दोन भेद केले व निर्धन रुग्णाला शंभर योजने पायी चालण्याचा मार्ग दाखविला. स्थूल व बलवान रुग्णाचे शोधन करावे, परंतु कृश व दुर्बल रुग्णाचे पोषण करावे, हा चरकाचा विवेक विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्वांना एकच उपवास नव्हे, हे तेव्हाही ज्ञात होते.

पाश्चात्य जगाला हा बोध एका संकटातून झाला. 1870-71 साली पॅरिसला वेढा पडला. नगरात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर कमी झाल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्याच्या ध्यानी आले. पुढे 1914 च्या सुमारास न्यूयॉर्क येथील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी रुग्णांना उपाशी व अल्पाहारी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिने काही जणांचे आयुष्य वाढले, पण बालरुग्णांचा देह अस्थिपंजर होई. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटो येथे एका 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले, आणि त्यानंतर उपासमारीची ही चिकित्सा मागे पडली.

उपवासात शरीरात काय घडते, ते व्यापाराच्या भाषेत सांगता येईल. भोजनानंतर इन्सुलिन रक्तातील साखर पेशींत पोहोचविते व उरलेली यकृतात साठविते. यकृतातील हा साठा म्हणजे गल्ल्यातील रोकड. तो साधारणतः एका दिवसात संपत येतो. त्यानंतर शरीर चरबीरूपी ठेव मोडू लागते. दिवसभर काहीतरी तोंडात टाकत राहिले की रोकड कधी संपत नाही, ठेव वाढतच जाते आणि इन्सुलिनचा प्रभाव क्षीण होत जातो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या उपवासावर बेतली आहे, त्याने हे कार्य साधत नाही.

विदर्भाचे सुपुत्र डॉ. श्रीकांत जिचकार यांनी वारंवार खाणे आणि इन्सुलिन यांचा संबंध आपल्या व्याख्यानांतून मांडला. 2004 साली अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येकी 55 मिनिटांत भोजन, हा प्रचार महाराष्ट्रभर केला. बियासन करणाऱ्या श्रावकाला त्यात नवल वाटले नसेल. मात्र या पद्धतीविषयी सर्व वैद्यांचे एकमत नाही.

जगातील अलीकडच्या संशोधनातून ‘किती वेळा’ इतकाच ‘केव्हा’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो आहे. 2018 साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील काही पुरुषांना सहा तासांतच, दुपारी तीनपूर्वी, सर्व भोजन देण्यात आले. वजन फारसे न घटताही त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव सुधारला. हा प्रयोग केवळ आठ जणांवरचा होता, हेही नमूद केले पाहिजे. उलट, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात दुपारी बारा ते रात्री आठ अशी भोजनवेळ ठेवली असता साखरेत लक्षणीय फरक आढळला नाही. दिवसा जेवून रात्री निराहार राहण्याच्या प्राचीन नियमाला यातून काहीसा दुजोरा मिळतो. मात्र अंतिम निर्णयासाठी मोठे प्रयोग व्हावे लागतील.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लक्ष मधुमेही आणि 13 कोटी 60 लक्ष मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोक आहेत. उंबरठ्यावरील व्यक्तीला आहारसंयम तारू शकतो. परंतु जी व्यक्ती इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत आहे, तिने नेहमीची मात्रा घेऊन उपवास केल्यास साखर 70 च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे होत. पर्वकाळात वयोवृद्ध मंडळी तप खंडित होईल या संकोचाने ती लपवितात, आणि गंभीर प्रसंग ओढवतो. निर्जल उपवासात मूत्रपिंडावर ताण येतो, तो वेगळाच. पारण्याला एकदम उसाचा रस वा मिष्टान्न घेतल्यास साखर वेगाने उसळते. मुगाच्या पाण्यापासून हळूहळू सुरुवात करणे हितावह. यास्तव पर्वाच्या काही आठवडे आधीच वैद्यांना भेटून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने औषध बंद करणे हेही तितकेच घातक आहे.

धर्माने यासाठी मार्ग मोकळा ठेवला आहे. सोळा भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही एक भावना आहे. शक्तीनुसार तप, हाच तिचा आशय. श्वेतांबर प्रत्याख्यानांतही समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याचा आगार आहे. उपवास झेपत नसेल तर अवमौदर्य आहे, रसपरित्याग आहे, स्वाध्याय आहे. दोन घास कमी खाणारा वृद्धही तपस्वीच होय.

पूर्वजांनी सोपविलेली ही ठेव विवेकाने वापरली, तर मुद्दलही सुरक्षित राहील आणि व्याजही मिळत राहील. येणाऱ्या पर्वात प्रत्येक कुटुंबाने घरातील ज्येष्ठांचे तप आणि त्यांची प्रकृती या दोहोंची सारखीच काळजी वाहावी, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!