चुल्लपंथकाचे फडके

ज्यास पाठ होत नाही त्या शिष्याचे आचार्याने काय करावे, हा प्रश्न भिक्खुसंघापुढे तथागतांच्या हयातीतच उभा राहिला होता. चुल्लपंथकाची कथा उपासकांना परिचित आहे ती अट्ठकथेतून. परंतु थेरगाथेतील त्याचे स्वतःचे उद्गार त्याहून प्राचीन आहेत, म्हणून आम्ही प्रथम तेच घेतो.

तेथे तो सांगतो की, आपली गती मंद होती, आपली अवहेलना झाली, आणि भावाने ‘घरी जा’ म्हणून घालवून दिले. तो संघारामाच्या दाराशी खिन्न उभा राहिला. भगवान आले, त्यांनी त्याच्या मस्तकावरून हात फिरविला, हाताला धरून त्यास आत नेले आणि पाय पुसण्याचे फडके दिले. उपदेश त्यानंतरचा, हे ध्यानात घ्यावे.

धम्मपद-अट्ठकथा ही परंपरेने इ.स.च्या ५ व्या शतकातील बुद्धघोषांची मानली जाते. तिच्यात तपशील वाढतो. आई राजगृहाच्या श्रेष्ठीची कन्या, पिता त्याच घरचा दास. थोरला भाऊ महापंथक हाच आचार्य. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढचा चरण घेतला की मागचा निसटे. भगवानांनी पाठांतर सोडविले. स्वच्छ फडके हाती देऊन ते उन्हात बसून चोळावयास सांगितले. फडके मळले, आणि अनित्यता त्याला डोळ्यांनी दिसली. महापंथक विद्वान होता, अर्हत होता. पण शिकविण्याची त्याची रीत एकच होती.

हीच अट्ठकथा पुढे म्हणते की, पूर्वजन्मी त्याने एका मंद भिक्खूची टवाळी केली होती, म्हणून ही जडता. थेरगाथेत याचा मागमूस नाही. हे कारण आम्हांस मान्य नाही. दोष शिष्याच्या गतजन्मावर टाकला की आचार्य मोकळा होतो. आणि गतजन्माच्या नावावर कोणाकोणाची पाटी कोरी ठेवली गेली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

विनयपिटकात तो पुन्हा भेटतो. भिक्खुणींना उपदेश करण्याची पाळी त्याची असते आणि त्या कुजबुजतात की, आज पुन्हा तेच उदान ऐकावे लागणार. तसेच होते. त्या दिवशी परतावयास उशीर झाल्याने त्यांना नगराबाहेर रात्र काढावी लागली, लोक बोलू लागले, आणि एक नियम झाला. तो सूर्यास्तानंतर उपदेश न करण्याचा होता. ज्यास एकच उदान येते त्याने उपदेश करू नये, असा नियम झाला नाही.