माल्टातील एक विरोधी पक्षनेते : एडी फेनेक आदामी

मतांचे बहुमत एका पक्षाकडे व जागांचे दुसऱ्याकडे, असा विलक्षण पेच माल्टात डिसेंबर १९८१ च्या निवडणुकीने निर्माण केला. फेनेक आदामी ह्यांच्या नॅशनॅलिस्ट पक्षास निम्म्याहून अधिक मते मिळाली. तथापि ६५ पैकी ३१ जागाच त्याच्या वाट्यास आल्या आणि ३४ जागांच्या बळावर मिंटॉफ ह्यांचा मजूर पक्ष सत्तेवर राहिला. मतदारसंघांच्या सीमाच सत्ताधाऱ्यांच्या सोयीने आखल्या होत्या, असा विरोधकांचा आक्षेप होता.

व्यवसायाने वकील असलेल्या ह्या नेत्याच्या बिर्किर्कारा येथील घरावर १९७९ साली जमावाने हल्ला केला होता. तेव्हा त्यांचा संयम सुटता, तर नवल नव्हते. त्यांनी संसदेवर बहिष्कार घातला खरा, परंतु १९८३ मध्ये तो उठविला. आमच्या मते बहिष्काराहून हे परतणेच अधिक महत्त्वाचे होय. वाटाघाटींस त्यामुळे अवसर राहिला. १९८७ च्या आरंभी घटनादुरुस्ती होऊन, पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते मिळविणाऱ्या पक्षास बहुमतापुरत्या वाढीव जागा देण्याचे ठरले. मोबदल्यात मजूर पक्षास प्रिय असलेले तटस्थतेचे तत्त्व घटनेत आले. त्याच वर्षी मे महिन्यात नॅशनॅलिस्ट पक्षास पुन्हा ३१ च जागा मिळाल्या. त्यांत चारांची भर पडली आणि ३५ विरुद्ध ३४ अशा बळावर फेनेक आदामी पंतप्रधान झाले.