गुलामांची जोडी
नो-लिमिट होल्डेम या पोकर-प्रकारात प्रत्येक खेळाडूला आरंभी दोन झाकलेली पाने मिळतात; त्यांत गुलामांची जोडी आली, तर एक्के, राजे व राण्या यांच्या जोड्याच तिच्याहून वरचढ असतात. तरीही ती खेळणे कठीण, कारण ‘फ्लॉप’मध्ये, म्हणजे टेबलावर प्रथम उघडल्या जाणाऱ्या तीन सामाईक पानांत, गुलामाहून मोठे किमान एक पान येण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के असते, आणि या प्रकारात समोरची सगळी रक्कम एकाच डावात पणाला लावता येत असल्याने तेव्हाचा हट्ट फार महागात पडतो. फ्लॉपपूर्वीच पैज वाढवून प्रतिस्पर्धी कमी करण्याचा सल्ला त्यामुळे योग्यच आहे. मात्र पुढे सर्वांच्या शेवटी बोलण्याची संधी मिळणार आहे की नाही, हे त्याआधी पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.