जीपचा सातबारा

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील, पाटपाण्यावर पोसलेल्या उसाच्या टापूतील गाव. येथील शेतकऱ्यास एखाद्या रानाचा इतिहास जाणून घ्यावयाचा झाल्यास तो तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा मागवितो. नमुना सातवर कब्जेदाराचे नाव असते व 'इतर हक्क' या सदरात सोसायटीचा वा बँकेचा बोजा असतो. नमुना बारावर त्या साली कोणते पीक उभे होते याची नोंद असते. आणि रान एका हातातून दुसऱ्या हातात कसे गेले, हे फेरफाराच्या नोंदवहीत सापडते. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीच्या थांब्यावर, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून माणसे बसवून, उरलेल्यांना मागील पायरीवर उभे करून कोल्हारच्या दिशेने निघणारी काळी-पिवळी जीप आमच्या पिढीने हजारदा पाहिली. त्या जीपच्या मूळ अमेरिकन घराण्याचाही असाच एक सातबारा आहे, आणि अमेरिकेतील मोटारधंदा वारंवार कर्जात का बुडाला, हे समजण्यास तो एक उतारा पुरेसा आहे.

१९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी-गाडीसाठी १३५ कारखानदारांकडे मागणी पाठविली, तेव्हा अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना उभा करून दाखविला तो बँटम नावाच्या, स्वतःच डबघाईस आलेल्या लहानशा कंपनीने. परंतु सैन्यास लागतील तेवढ्या गाड्या पुरविण्याची तिची ऐपत नाही, असे सैन्याचे मत पडले, आणि मोठा मक्ता ओहायो राज्यातील टोलेडो शहरच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीस मिळाला. ही विलिसही काही धनको नव्हती; महामंदीच्या तडाख्यात १९३३ साली तिने दिवाळे काढलेले होते, आणि सुमारे ७३९ डॉलर इतकी कमी किंमत लावून तिने हे काम पदरात पाडून घेतले होते. युद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या, पण जिने पहिली नांगरट केली त्या बँटमने पुढे मोटारगाडी बांधली नाही. ट्रेलर बांधण्यावरच तिला समाधान मानावे लागले.

येथून फेरफारांस आरंभ होतो. १९५३ साली विलिस कायझरच्या ताब्यात गेली. १९७० साली कायझरकडून जीपचा धंदा अमेरिकन मोटर्सने घेतला. १९८७ साली अमेरिकन मोटर्स क्रायस्लरमध्ये विलीन झाली. या शेवटच्या खरेदीत क्रायस्लरची खरी नजर जीपवर होती, यात शंका नाही. अमेरिकन मोटर्सची स्थिती अशी होती की, लहान मोटारी काढण्यात पैसा ओतावा आणि जीपच्या नफ्यावर घर चालवावे. १९७९ च्या तेलसंकटाने जीपचाही खप ओसरला, तेव्हा तिला फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या दारी हात पसरावा लागला.

खुद्द क्रायस्लरची कथा तर साखरेच्या मुलखातील माणसास विशेष कळण्याजोगी आहे. विक्रेत्यांची मागणी असो वा नसो, कारखाना चालू ठेवून मोटारी बांधीत राहावयाचे आणि न खपलेला माल उघड्या मैदानांवर साठवावयाचा, अशी तिची रीत पडली होती. गोदामात पोती थप्पीला लागलेली असताना उचलीचे व्याज कारखान्यास कसे आतून पोखरते, हे आमच्याकडील कोणत्याही सभासदास सांगावे लागत नाही. १९७९ साली तोटा एक अब्ज डॉलरच्या वर गेला. तेव्हा कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी सरकारकडे धाव घेतली, आणि जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने दीड अब्ज डॉलरच्या कर्जास सरकार जामीन राहिले. कामगारांनी पगारात कपात सोसली, सावकारांनी सूट दिली, आणि १९८३ मध्ये क्रायस्लरने ते कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले. हा या उताऱ्यावरील सर्वांत उजळ शेरा होय.

पण चांगल्या सालात वाईट सालाची बेगमी करण्याची सवय काही लागली नाही. १९९८ साली जर्मनीच्या डाइमलरशी संयोग झाला; २००७ साली डाइमलरने बहुतांश हिस्सा सेर्बेरस या गुंतवणूकदार पेढीस देऊन अंग काढून घेतले; पुढच्याच वर्षी पेट्रोल भडकले, पतपुरवठा आटला, आणि ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लरने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. १ जून रोजी जनरल मोटर्सनेही तोच मार्ग धरला. फोर्ड तेवढी बचावली, तीही २००६ सालीच आपली मालमत्ता, नावाच्या निळ्या लंबगोल चिन्हासकट, गहाण टाकून रक्कम उभी केली होती म्हणून. जीप इटलीच्या फियाटकडे आली आणि २०२१ पासून ती स्टेलँटिस समूहाची आहे. ऐंशी वर्षांत हे सात फेरफार झाले.

या वावटळीची धूळ महाराष्ट्रातही उडाली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून मोटारी जुळविल्या, आणि केवळ जुळणी न करता येथेच निर्मिती करावी असे सरकारी धोरण ठरताच १९५४ साली तो कारखाना बंद केला. पुढे तळेगाव येथे त्याच कंपनीने नवा कारखाना उघडला तो नेमका सप्टेंबर २००८ मध्ये, जागतिक पतसंकटाच्या महिन्यात. डिसेंबर २०२० मध्ये त्याचीही निर्मिती थांबली, आणि आज तो ह्युंदाईच्या मालकीचा आहे. याउलट मुंबईच्या महिंद्रा कंपनीने १९४७ च्या सुमारास विलिसचे सुटे भाग आणून जीप जुळविण्यास प्रारंभ केला, हळूहळू भाग येथेच घडविले, खेड्यातल्या रस्त्यास व खिशास मानवेल अशीच ती ठेविली. तिचे मूळ मालक एकामागून एक पालटले तरी ही शाखा वाढतच राहिली. अमेरिकन शिक्क्याची जीपही २०१७ पासून पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावी बांधली जाते.

या उताऱ्याचा नमुना बारा पाहावा, तर दरसाल पीक उभे आहे: गाडी चांगली, मागणी टिकाऊ, कीर्ती जगभर. नमुना सात पाहावा, तर कब्जेदार पालटत गेला आहे. पिकाने दगा दिला नाही. दगा दिला तो 'इतर हक्क' या सदरातील बोजाने. ज्या जिल्ह्यात १८७५ साली कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि ज्या देवळाली प्रवऱ्याच्या शेजारचा साखर कारखाना, भोवती ऊस उभा असूनही, कर्जापायी काही गळीत हंगाम बंद राहिला, तेथील वाचकास याहून अधिक सांगणे नलगे. कारखाना सहकारी असो वा खाजगी, वार्षिक सभेत गाळपाचे आकडे ऐकून टाळ्या वाजविण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने ताळेबंदातील कर्जाचे पान उघडावे आणि ते स्वतः वाचावे.